डब्लिनचं चुंबक, कुलाब्याची नोंदवही



१० मे २०२४ ची रात्र आठवते ना? शुक्रवार होता. मुलांना झोपवून आपण सगळे पुन्हा अंगणात आलो होतो, कारण आयर्लंडभर आकाश गुलाबी आणि हिरवं झालं होतं. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर पहाटेपर्यंत फोटो पडत होते. सूर्यावरून आलेल्या चुंबकी वादळाचा तो प्रकाश. अशा वादळांचा विषय निघाला की एका वादळाचं नाव हमखास येतं, सप्टेंबर १८५९ चं. आजवर नीट मोजलेल्या वादळांत ते सगळ्यात मोठ्यांपैकी एक. त्या वादळाची सर्वांत कामाची मोजणी झाली ती मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत. आणि जी उपकरणं वापरून झाली ती डब्लिनमध्ये बनलेली होती. आजची गोष्ट या दोन गावांची आहे. पण मी इतिहासकार नाही, आयटी कन्सल्टंट आहे. तेव्हा मी या गोष्टीपर्यंत कसा पोचलो ते आधी सांगतो, कारण त्यात माझी एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या सर्व्हरवर देखरेख ठेवायचं काम आमच्या टीमकडे होतं. सर्व्हरच्या आत, प्रोसेसरमध्ये आणि मदरबोर्डवर, छोटे छोटे प्रोग्रॅम कायम चालू असतात. त्यांना फर्मवेअर म्हणतात. तापमान किती, पंखा किती वेगानं फिरतोय, वीज किती खर्च झाली, कुठला कोअर किती वेळ झोपला, हे सगळं ते मोजत असतात. हे आकडे बाहेर येणं म्हणजे टेलिमेट्री. मात्र ते आपोआप आपल्यासमोर येत नाहीत. मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि तिनं ठेवलेल्या खिडकीतूनच ते वाचावे लागतात. आम्ही ठरवलं, दर सेकंदाला सगळं वाचायचं. आलेख सुंदर दिसायला लागले. ग्राहक खूष.

महिन्याभरानं त्यांच्याच एका इंजिनीअरनं विचारलं, "रात्री या मशीनवर काहीच काम नसतं, मग ही गाढ झोपत का नाहीत?" शोधायला आठवडा लागला. कारण आम्हीच होतो. कोअरच्या आतला आकडा वाचायचा तर तो वाचण्याची आज्ञा त्याच कोअरवर चालवावी लागते. कोअर झोपलेला असेल तर त्याला उठवावं लागतं. "किती वेळ झोपलास?" हे विचारायला आम्ही दर सेकंदाला त्याला हलवून जागं करत होतो. आपल्याकडे बाळ झोपलंय का हे बघायला आजोबा दर पाच मिनिटांनी पाळण्यात डोकावतात आणि शेवटी बाळ उठतं, तसला प्रकार. आमच्या वाचण्यानं वीज जात होती, आणि तीच वीज आम्ही मोजून ग्राहकाला दाखवत होतो. ज्या देशात २०२३ साली मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के डेटा सेंटरनी वापरली, शहरांतल्या सगळ्या घरांनी मिळून वापरली त्यापेक्षा जास्त, तिथे ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. एमबीएच्या वर्गात मोजायला खूप शिकवलं होतं, पण मोजण्याचा खर्च कुणी शिकवल्याचं आठवत नाही.

त्या दिवसांत मी या खिडक्यांच्या रचनेबद्दल हाती लागेल ते वाचत होतो. वाचता वाचता दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे गेलो आणि ट्रिनिटी कॉलेजच्या बागेत येऊन थांबलो.

हंफ्री लॉइड हे ट्रिनिटीमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. पृथ्वीचं चुंबकत्व सतत थोडं थोडं बदलत असतं. ते का बदलतं हे कळायला जगभर एकाच वेळी मोजणी हवी, असं त्या काळात युरोपात अनेकांना वाटत होतं. जर्मनीत गटिंगनला गाउसनं तसा संघ उभा केला होता. लॉइडनी १८३७-३८ मध्ये कॉलेजच्या बागेत एक लहानशी दगडी इमारत बांधून घेतली. पुढून ग्रीक देवळासारखी दिसते. तिची खरी करामत मात्र दिसत नाही: तिच्या बांधकामात लोखंड नाही. खिळे आणि बिजागऱ्या तांब्या-पितळेच्या. लोखंडाचा एक खिळासुद्धा आतल्या चुंबकाला खोटं बोलायला लावेल, हे त्यांनी आधी ओळखलं. जे मोजायचं त्याला मोजणाऱ्या घराचाच धक्का लागू द्यायचा नाही.

मग वाचणाऱ्याचा प्रश्न. माणसाच्या खिशात चाकू असतो, बुटाला खिळे असतात, श्वासानं हवा हलते. म्हणून चुंबक एका पेटीत टांगलेलं, आणि ते किती वळलं हे दाखवणारी बारीक आकडेपट्टी दुरून, दुर्बिणीतून वाचायची. वाचणारा लांब उभा. त्याच्या हातात काही नाही, फक्त डोळा आणि वही. ही उपकरणं घडवली थॉमस ग्रब या डब्लिनच्या कारागिरानं. पुढे ग्रब हे नाव मोठमोठ्या दुर्बिणींसाठी जगभर गाजलं. लॉइडची रचना आणि ग्रबचं काम ही जोडी मला आजच्या भाषेत अशी दिसते: एकानं इंटरफेस ठरवला, दुसऱ्यानं हार्डवेअर बनवलं.

याच सुमारास एडवर्ड सबाइन या लष्करी अधिकाऱ्यानं, तोही जन्मानं डब्लिनचाच, ब्रिटिश सरकारच्या मागे लकडा लावला. १८३९ मध्ये सरकार आणि ईस्ट इंडिया कंपनी दोघांनी पैसे दिले. टोरंटो, सेंट हेलेना, केप, टास्मानिया इथे वेधशाळा निघाल्या. तिथे जाणारे तोफखान्याचे तरुण अधिकारी आधी डब्लिनला येऊन लॉइडच्या हाताखाली वाचायला शिकले. कंपनीच्या वाट्याला मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई.

मुंबईत कुलाब्याला वेधशाळा आधीपासून होती, १८२६ ची, जहाजांना वेळ कळावी म्हणून. १८४१ पासून तिथे चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार प्रमुख होते. 'दर्पण'वाले बाळशास्त्री जांभेकर, तेही एल्फिन्स्टनमध्येच शिकवत, त्यांनीही काही काळ वेधशाळेचं काम सांभाळलं. आणि साहाय्यक म्हणून आला अलिबागजवळच्या नागावचा एक मुलगा. केरो लक्ष्मण छत्रे. जन्म १८२५ चा, म्हणजे वय जेमतेम पंधरा-सोळा.

केरोनाना पुढे मोठे झाले. डेक्कन कॉलेजात गणित शिकवलं, टिळक त्यांचे विद्यार्थी, 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा त्यांचा ग्रंथ. चरित्रांत हे सगळं असतं आणि कुलाब्याची दहाएक वर्षं एका ओळीत संपतात. मला ती दहा वर्षंच जास्त खुणावतात. डोळ्यांसमोर आणा: दमट हवा, समुद्राचा आवाज, तेलाचा दिवा, आणि दुर्बिणीला डोळा लावून पट्टीवरचा आकडा वहीत उतरवणारं पोर. हा आकडा नुसता भागांचा. पट्टीवर इतके भाग, खोलीचं तापमान इतकं, वेळ अमुक. भागांचं बलात रूपांतर करायचं गणित वेगळं, नंतर करायचं. उष्णतेनं चुंबक थोडं दुबळं होतं, त्याची दुरुस्तीही नंतरच.

ही साधी वाटणारी शिस्त फार मोलाची आहे. कच्चा आकडा तसाच ठेवा, अर्थ लावण्याचं सूत्र शेजारी ठेवा. सूत्र चुकलं तर उद्या कुणीतरी दुरुस्त करील. आकडाच गाळून-चाळून लिहिला असेल तर उपाय नाही. आज इंटेलच्या नव्या प्रोसेसरची टेलिमेट्री लिनक्समध्ये अशीच मिळते. ऑपरेटिंग सिस्टिम आकड्यांचा कच्चा गठ्ठा आणि एक ओळखक्रमांक देते. कुठल्या जागी काय आहे आणि त्याचा अर्थ कसा लावायचा हे वेगळ्या वर्णनात असतं.

वेळेचीही एक गंमत. या मोहिमेत सगळ्या जगाची घड्याळं गटिंगनच्या वेळेला बांधलेली होती. मुंबईचं घड्याळ त्याच्या सव्वाचार तासांच्या आसपास पुढे. टोरंटो असो की सेंट हेलेना, वाचायचा क्षण एकच. वर्षातून काही ठरलेले दिवस असे असत की चोवीस तास, अगदी काही-काही मिनिटांनी वाचायचं. गाउसच्या संघात हे अंतर पाच मिनिटांचं होतं. पाच मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला २८८ नोंदी, आणि त्याही एकाच उपकरणाच्या. उपकरणं मात्र तीन: चुंबक कुठल्या दिशेला, क्षितिजाला समांतर ओढ किती, उभी ओढ किती. एका माणसाला तिन्ही एकाच क्षणी वाचता येत नाहीत. पहिलं वाचून तिसऱ्यापर्यंत पोचेस्तो पहिलं बदललेलं असतं.

मंडळी, हाच प्रश्न आमच्या धंद्यात रोज भेटतो. लिनक्समध्ये २००३ पासून अशा आकड्यांसाठी एक पद्धत रुळली आहे: प्रत्येक आकड्याला एक फाइल, प्रत्येक फाइलमध्ये एकच आकडा. माणसाला वाचायला फार सोयीची. कुणीही उघडावी, आकडा पाहावा. पण मशीनवर असे हजार आकडे असले तर? प्रत्येकासाठी फाइल उघडा, वाचा, मिटा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला तीन हाका. हजारांना तीन हजार. फाइली उघड्याच ठेवल्या तरी हजार हाका राहतातच. शिवाय पहिल्या आणि हजाराव्या आकड्याच्या मधे वेळ गेलेला. वीज आत्ताची, तापमान मघाचं. अशा दोन आकड्यांचा भागाकार करून आलेख काढला की तो दिसतो झकास आणि असतो भलताच.

यावर उपाय असा की फर्मवेअरनं सगळे आकडे स्मृतीच्या एका पानावर मांडायचे आणि ऑपरेटिंग सिस्टिमनं ते पान वाचणाऱ्याला थेट दाखवायचं. मग हाका नाहीत, वाचणारा आपला आपण वाचतो. पण वाचता वाचता फर्मवेअरनं पान बदललं तर अर्धं जुनं, अर्धं नवं हाती येईल. म्हणून पानावर एक क्रमांक ठेवतात. लिहायला सुरुवात करताना फर्मवेअर तो एकानं वाढवतं, लिहून झालं की पुन्हा एकानं. वाचणाऱ्यानं आधी क्रमांक बघायचा, मग आकडे, मग पुन्हा क्रमांक. विषम असेल तर लिहिणं चालू आहे, थांबा. मधे बदलला असेल तर पुन्हा वाचा. इतकं साधं. एका पानावर, एका क्षणाचं, एकमेकांशी जुळणारं चित्र मिळतं आणि झोपलेल्या कोअरला कुणी हात लावत नाही. आमच्या त्या ग्राहकाकडे आम्ही शेवटी जमेल तिथे हीच वाट धरली आणि उरलेल्या आकड्यांसाठी सेकंदाचा मिनिट केला.

आता १८५९. केरोनाना तोवर कुलाबा सोडून पुण्याला गेले होते, पण ग्रबची उपकरणं आणि दर तासाला वाचायचा नेम तसाच चालू होता. युरोपातल्या मोठ्या वेधशाळांनी दरम्यान प्रगती केली होती. लंडनजवळ क्यू आणि ग्रिनिच इथे माणसाऐवजी फोटोचा कागद वाचत होता: चुंबकाला आरसा, आरशावर प्रकाश, आणि संथ फिरणाऱ्या कागदावर आपोआप रेघ. माणसाला जागरण नाही. कुलाब्याला ही सोय पुढे १८७२ मध्ये आली.

१ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये कॅरिंग्टननं सूर्यावर डोळे दिपवणारा भडका पाहिला. १७-१८ तासांनी वादळ पृथ्वीवर येऊन आदळलं. अमेरिकेत तारखात्याच्या लोकांनी बॅटरी काढून ठेवल्या आणि नुसत्या आकाशातल्या विजेवर संदेश पाठवले. क्यू आणि ग्रिनिचच्या कागदावरची रेघ कागदाच्या कडेबाहेर गेली. यंत्र इमानदार होतं, पण त्याच्या कागदाची रुंदी आधीच कापलेली होती. कडेबाहेर काय झालं ते त्याला लिहिता येत नव्हतं.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची दुपार व्हायची होती. दुर्बिणीपाशी बसलेल्या माणसाला आकडा घसरताना दिसला. त्यानं पुढच्या तासाची वाट पाहिली नाही. वाचन पंधरा मिनिटांवर आलं, घसरण वाढली तसं पाच मिनिटांवर. साधारण दीड तासात क्षितिजसमांतर चुंबकत्व सुमारे १६०० नॅनोटेस्लानं खाली आलं. तुलना हवी तर, मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्युबेक प्रांतात नऊ तास वीज घालवणाऱ्या वादळाचा जगाचा सरासरी आकडा ६०० च्या आत होता. एका ठिकाणचा आकडा आणि जगाची सरासरी यांची तंतोतंत तुलना होत नाही हे खरं, तरी अंदाज यावा.

नोंदी छापल्या गेल्या आणि कपाटात राहिल्या. २००३ साली नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी, ही संस्था म्हणजे कुलाबा वेधशाळेचीच वारस, अमेरिका आणि ब्राझीलमधल्या सहकाऱ्यांबरोबर त्या बाहेर काढल्या आणि त्यांवरून वादळाची ताकद ठरवली. आज विजेचं जाळं किंवा उपग्रह किती मोठ्या वादळाला तोंड देऊ शकतील याचा हिशोब करताना या वादळाकडे बोट दाखवलं जातं, आणि त्यातली कुलाब्याची वही पुढे येते.

मला यात आपोआप चालणाऱ्या यंत्रापेक्षा माणूस श्रेष्ठ असलं काही म्हणायचं नाही. रोजच्या रोज रात्रभर जागून वाचण्यापेक्षा फोटोचा कागद हजारपट बरा. मला त्यातला नियम दिसतो: शांत असेल तेव्हा तासाला एकदा, खळबळ असेल तेव्हा पाच मिनिटांनी. हा नियम आज फर्मवेअरमध्येच बसवता येतो. मर्यादा ओलांडली तरच कळव, मग मी जवळून बघतो. तो बसवायचा की नाही हे रचना करणाऱ्यानं आधी ठरवावं लागतं. वादळ आल्यावर कागद रुंद करता येत नाही. आमच्या टीमनं ठरवलं नव्हतं, म्हणून आम्ही शांत रात्रीसुद्धा दर सेकंदाला दार ठोठावत बसलो.

एक प्रश्न मात्र लॉइडना पडला नव्हता: वाचू कुणाला द्यायचं? त्यांचे आकडे सगळ्या जगासाठी होते, जितके वाचतील तितकं चांगलं. आपल्या काळात तसं उरलं नाही. २०११ पासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये किती ऊर्जा खर्च झाली याचा एक आकडा असतो, मिलिसेकंदाला ताजा होणारा. लिनक्सवर तो कुठल्याही साध्या वापरकर्त्याला वाचता येई. विजेचा आकडा, त्यात काय लपवायचं? नोव्हेंबर २०२० मध्ये ग्रात्स, बर्मिंगहॅम आणि जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की तो आकडा पुरेसा वेळ नीट ऐकला तर शेजारी चाललेल्या प्रोग्रॅमची गुप्त किल्लीसुद्धा काढता येते. किल्लीतल्या बिटांप्रमाणे वीज किंचित कमी-जास्त लागते, बस. शेजारणीच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीच्या वासावरून आज काय बेत आहे ते ओळखावं तसं. तातडीनं ती फाइल फक्त प्रशासकालाच वाचता येईल अशी केली. त्या घाईत तेच योग्य होतं. तरी मला ते दार लावण्यापेक्षा भिंत घालण्यासारखं वाटलं, कारण आपला प्रोग्रॅम किती वीज खातो हे बघून तो सुधारणाऱ्या विद्यार्थ्यांचीही खिडकी त्यात बंद झाली. मोबाईलवाल्यांनी जास्त विचार केला. अँड्रॉइड १२ पासून हालचालीचे आणि चुंबकत्वाचे सेन्सर कुठलंही ॲप सेकंदाला २०० वेळांपर्यंत वाचू शकतं; त्याहून बारीक हवं तर वेगळी परवानगी घोषित करावी लागते. सगळ्यांना जाडंभरडं, गरजवंताला बारीक.

कुलाब्याचं पुढे काय झालं? मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. रुळांतून जाणारा प्रवाह चुंबकांना वेडं करणार हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी ट्राम अडवायचा हट्ट धरला नाही. नवी जागा शोधली. १९०४ मध्ये समुद्रापलीकडे अलिबागला, केरोनानांच्या नागावपासून हाकेच्या अंतरावर, बिनलोखंडाची वेधशाळा उभी राहिली. दोन वर्षं दोन्हीकडे एकदम वाचलं, म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे एकमेकांना जोडता यावेत. मग १९०६ मध्ये कुलाब्याचं वाचन थांबलं. १९०७ मध्ये ट्राम धावली. अलिबाग अजून वाचतंय.

लॉइडची डब्लिनमधली इमारतही हलली. १९७० च्या दशकात ट्रिनिटीला जागा हवी होती, तेव्हा दगड उतरवून ती बेलफिल्डला यूसीडीच्या आवारात पुन्हा उभी केली. मागच्या शरदात मी लेकीला घेऊन ती बघायला गेलो. झाडांत लपलेलं बुटकं देऊळच. लेकीनं फोनवर चुंबकत्व मोजायचं ॲप उघडलं. आकडा पन्नास मायक्रोटेस्लाच्या जरा खाली, डब्लिनला असायला हवा तितका. मी नीट बघायला जवळ गेलो तर आकडा उड्या मारायला लागला. माझ्या खिशात गाडीच्या किल्ल्या होत्या.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही तिकडे लांब उभे राहा. मी वाचून सांगते."